बंद ठेवलेल्या यंत्राने काय शिकवलं?

पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: तुमच्या प्रयोगात कंट्रोल काय आहे? बरेच जण याचं उत्तर पाठ करून जातात. पण हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे समजून घ्यायचं असेल, तर एपिलेप्सीवरच्या विद्युत उपचारांचा इतिहास जरूर वाचावा.

आधी थोडी पार्श्वभूमी. एपिलेप्सीत, म्हणजे अपस्मारात, मेंदूतले असंख्य न्यूरॉन अचानक एकाच वेळी, गरजेपेक्षा कितीतरी जास्त संदेश सोडू लागतात आणि रुग्णाला फिट येते. साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या फिट्स औषधांनी पुरेशा आटोक्यात येत नाहीत. ज्या घरात असा रुग्ण आहे, तिथे नवा कुठलाही उपाय म्हणजे मोठी आशा असते.

1870 मध्ये बर्लिनला फ्रिच आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युतप्रवाह दिला, तेव्हा शरीराच्या विरुद्ध बाजूचे स्नायू हलले. प्रवाह जास्त झाला की झटके येतात, हेही त्या काळात दिसलं. विजेने फिट आणता येते, मग विजेनेच ती थांबवता येईल का?

हा प्रश्न रुग्णांपर्यंत नेणाऱ्यांपैकी एक म्हणजे न्यूयॉर्कचे न्यूरोसर्जन अर्व्हिंग कूपर. त्यांचा तर्क असा होता: लहान मेंदूच्या, म्हणजे सेरेबेलमच्या, पृष्ठभागातून बाहेर जाणारे सगळे संदेश पर्किंजी पेशींमार्फत जातात आणि या पेशी पुढच्या न्यूरॉनना शांत करतात. मग त्यांनाच उत्तेजित केलं तर बेभान झालेला मेंदू शांत व्हायला हवा. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांच्या लहान मेंदूवर इलेक्ट्रोड बसवले. अनेकांच्या फिट्स कमी झाल्याचं त्यांनी नोंदवलं. ही पद्धत इतरांनीही उचलली.

तर्क सुंदर, रुग्ण समाधानी, डॉक्टर अनुभवी. मग अडचण कुठे होती? तुलना नव्हती.

ती तुलना पुढे दोन छोट्या चाचण्यांमध्ये झाली. 1978 मध्ये अमेरिकेत पाच रुग्णांवर आणि 1984 मध्ये ब्रिटनमध्ये बारा रुग्णांवर. दोन्ही डबल-ब्लाइंड होत्या. यंत्र सगळ्यांना बसवलेलं होतं, पण काही काळ ते चालू आणि काही काळ बंद ठेवलं गेलं. कधी चालू आणि कधी बंद, हे रुग्णाला माहीत नव्हतं आणि फिट्सची नोंद तपासणाऱ्यालाही नव्हतं. दोन्हीकडे विजेमुळे फिट्स कमी झाल्याचं दिसलं नाही. ब्रिटनच्या चाचणीतली एक नोंद मात्र विसरू नये: बारापैकी अकरा रुग्णांना या चाचणीचा आपल्याला फायदा झाला, असं वाटत होतं.

हे रुग्ण खोटं बोलत नव्हते. फिट्सचं प्रमाण मुळातच वरखाली होत असतं. माणूस शस्त्रक्रियेला तयार होतो तो बहुधा त्याच्या सगळ्यात वाईट काळात, त्यामुळे नंतर काहीही न करता थोडी सुधारणा दिसू शकते. नियमित तपासणी सुरू होते, औषधं वेळेवर घेतली जातात, आशा वाढते. शिवाय मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड घालताना आजूबाजूच्या पेशींना होणाऱ्या किरकोळ इजेचाही परिणाम होऊ शकतो. तुलना नसेल तर हे सगळं श्रेय विजेच्या खात्यात जमा होतं.

आता 2010 ची 'सँटे' चाचणी पाहा. अमेरिकेत 110 रुग्णांच्या मेंदूत खोलवर, थॅलॅमसच्या पुढच्या केंद्रकात, दोन्ही बाजूंना इलेक्ट्रोड बसवले. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. तीन महिने एका गटाचं यंत्र चालू, दुसऱ्याचं बंद. अखेरीस चालू गटात फिट्समधली घट (मध्यक) 40.4 टक्के होती आणि बंद गटात 14.5 टक्के. म्हणजे वीज न देताही 14.5 टक्के! फक्त पहिलाच आकडा छापला असता, तर विजेचा परिणाम आहे त्यापेक्षा बराच मोठा वाटला असता. 2011 मध्ये 191 रुग्णांवरची दुसरी चाचणी आली. त्यातलं यंत्र मेंदूतली असामान्य हालचाल ओळखून तेवढ्यापुरतीच वीज देतं. तिथेही 37.9 विरुद्ध 17.3 टक्के असाच फरक दिसला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या यंत्राला 2013 मध्ये आणि थॅलॅमसच्या उपचाराला 2018 मध्ये मान्यता दिली.

इथे कुणीही विचारेल: मेंदूची शस्त्रक्रिया करून यंत्र बंद ठेवायचं, हे योग्य आहे का? दोन्ही चाचण्यांमध्ये ठरलेल्या मुदतीनंतर बंद गटाचीही यंत्रं चालू केली गेली. त्या रुग्णांनी उपचार गमावला नाही, त्याची वाट पाहिली. आपल्या प्रयोगात कंट्रोल ठेवताना त्या गटाला पुढे काय मिळणार, याचंही उत्तर आराखड्यात लिहिलेलं हवं.

अजून एक सावधगिरी. बारा जणांमध्ये फायदा दिसला नाही, याचा अर्थ फायदा नाहीच असं सिद्ध झालं, असा होत नाही. छोट्या नमुन्यात छोटा परिणाम सहज हरवतो. 2005 मध्ये मेक्सिकोत पाच रुग्णांवर लहान मेंदूच्या उत्तेजनाची पुन्हा चाचणी झाली आणि तिथे चालू गटात फिट्स कमी झालेल्या दिसल्या. पण पाच जणांवरून 'होय' म्हणणं, बारा जणांवरून 'नाही' म्हणण्याइतकंच कच्चं आहे.

तेव्हा रिसर्च प्रपोजल लिहायला बसाल, तेव्हा अपेक्षित निष्कर्षाच्या आधी दोन ओळी लिहा. माझा उपाय काढून टाकला आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, तर किती बदल दिसेल? आणि तो फरक पकडायला माझा नमुना पुरेसा आहे का? मुलाखतीत कंट्रोलबद्दल विचारलं, तर याच दोन ओळी तुमचं उत्तर असतील.