बाळ्या कुठे गेला?

माझ्या लॅपटॉपमधून अण्णा बोलतात. दचकू नका, प्लँचेट नव्हे. १९८४ साली टेपरेकॉर्डरवर पकडलेला वडिलांचा आवाज भाच्यानं कॅसेटवरून तुकड्यातुकड्यांनी उतरवून दिलाय. अण्णांचं एकही वाक्य 'बाळ्या' म्हटल्याखेरीज सुरू होत नसे. पण कुठलाही तुकडा लावा, आधी 'टप्प' आणि मग एकदम पुढचं वाक्य. बाळ्या गायब!

लॅपटॉपवर लिनक्स आहे. भाच्यानं घातलं, फुकट म्हटल्यावर मी कशाला नको म्हणतोय? दुरुस्तीसाठी वाचायला बसलो आणि हाती लागला तो चक्क इतिहास.

लिनस टॉरवाल्ड्सनं हेलसिंकीत १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं, तेव्हा ते मुकंच होतं. त्याला वाचा फोडली दुसऱ्या एका फिनिश माणसानं, हान्नू सावोलाइनेन यांनी. पण त्यांची 'ओएसएस' व्यवस्था बहुतेक साउंड कार्डांवर चाळीतल्या सामाईक नळासारखी चाले. एकाची बादली लागली की बाकीच्यांनी ताटकळायचं. गाणं चालू असताना दुसऱ्या प्रोग्रॅमनं ब्र काढायची सोय नाही. मग १९९८ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या यारोस्लाव कीसेलांनी 'आल्सा' रचायला घेतली. २००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स २.६ मध्ये तिचं बिऱ्हाड कायमचं थाटलं गेलं. तिच्या डोक्यावर २००४ मध्ये लेनार्ट पोटरिंग यांचा 'पल्सऑडिओ' आला. सगळ्यांचे आवाज एकत्र करून खाली सोडायचे, हे त्याचं काम. म्हणजे चाळीचा सेक्रेटरीच! आणि सेक्रेटरी आल्यावर चाळीत जे होतं तेच झालं. तक्रारी दुप्पट. आता २०२१ पासून बऱ्याच ठिकाणी विम टायमान्स यांचा 'पाइपवायर' त्या खुर्चीत आहे. गंमत म्हणजे जुने प्रोग्रॅम बिचकू नयेत म्हणून तो त्यांच्यापुढे पल्सऑडिओचंच सोंग घेतो. आणि आल्साबाई? त्या तळमजल्यावर तशाच आहेत, पागडीच्या भाडेकरूसारख्या.

एवढी पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणं वाचल्यावर माझी खात्रीच पटली, की बाळ्याला या मंडळींपैकीच कुणीतरी गिळलाय. पाइपवायर बंद करून चालू केला. बफर वाढवला, आवाज थोडा थोडा साठवून पुढे सोडतात तो हा हौद. उपयोग शून्य.

शेवटी भाच्याला बोलावलं. त्यानं एक फाइल उघडली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मामा, इथे पॉवर सेव्हपुढे १ कुणी लिहिला?"

"मीच. बॅटरी वाचते म्हणे."

"अरे, एक सेकंद काम नसलं की साउंड चिप झोपते यानं! ती जागी होईपर्यंत पहिला शब्द निघून जातो."

त्यानं १ खोडून ० लिहिला. चिपची झोप कायमची बंद. लॅपटॉप पुन्हा चालू केला, तुकडा लावला. 'टप्प' नाही, काही नाही.

"बाळ्या," अण्णा खणखणीत म्हणाले, "जिन्यातला दिवा मालव आधी! वीज काय फुकट येते?"