शार्त्रचें हिरवें छप्पर

फ्रान्स देशांत पॅरिसच्या नैर्ऋत्येस सुमारें ९० किलोमीटरांवर शार्त्र नांवाचें शहर आहे. गव्हाच्या विस्तीर्ण शेतांतून तिकडे जाणाऱ्या प्रवाशास गांवाच्या आधीं तेथील कॅथीड्रल दिसूं लागतें, आणि त्याच्या छपराचा हिरवा रंग पाहून तो चकित होतो. हा रंग कोणा रंगाऱ्यानें दिलेला नाहीं. तांब्यावर पाऊस आणि हवा यांनीं वर्षानुवर्षें चढविलेलें तें पुट आहे. मात्र १८३६ पूर्वीं हें छप्पर हिरवें नव्हतें, कारण तें तांब्याचें नव्हतें.

मध्ययुगांत युरोपांतील मोठ्या देवालयांवर बहुधा शिसेंच घालीत. तें मऊ असल्यामुळें वाटेल तसें वळतें, गंजून नाहींसें होत नाहीं, आणि जुनें झालें तरी वितळवून त्याचा पुन्हां पत्रा करतां येतो. परंतु शिशाचा पत्रा जाड घ्यावा लागतो. पांच मिलिमीटर जाडीच्या एका चौरस मीटराचें वजन ५७ किलोग्रॅमच्या आसपास भरतें! एवढें ओझें पेलण्यासाठीं खालीं लांकडाचें अरण्यच उभारावें लागे; शार्त्रच्या त्या सांगाड्याला लोक खरोखरच ‘अरण्य’ म्हणत. ४ जून १८३६ रोजीं तें पेटलें. आग छपरावर काम करणाऱ्या कारागिरांच्या हलगर्जीपणानें लागली असें मानतात. शिसें अवघ्या ३२७ अंशांस वितळतें. तेव्हां छप्पर राहिलें नाहीं यांत नवल तें काय? नवल हें, कीं खालची दगडी कमान टिकली आणि तिच्याबरोबर त्या जगप्रसिद्ध रंगीत कांचाही वांचल्या.

आतां पुढें काय घालावें? शार्त्रकरांनीं जुन्याची नक्कल केली नाहीं. त्यांनीं लांकडाच्या जागीं बिडाचा सांगाडा उभारला व त्यावर तांब्याचे पत्रे चढविले. तांबें १०८३ अंशांपर्यंत वितळत नाहीं. त्याचा पत्रा एका मिलिमीटराहूनही पातळ चालतो, म्हणून चौरस मीटरास सहा-सात किलोग्रॅमांत काम भागतें. तें महाग खरें. पण ज्यांनीं एकदां आपलें देवालय जळतांना पाहिलें, त्यांना तो खर्च जड वाटला नसावा.

धातु कोणतीही असो, पत्रा जोडण्याची कला महत्त्वाची. आपल्या कोंकणांत पन्हाळी पत्र्याला खिळा मारून वर डांबर फांसतात, आणि चार पावसाळ्यांनीं त्याच भोंकांतून घरांत धार लागते! युरोपांतील कारागीर पत्र्याला भोंक पाडीतच नाहीं. शेजारच्या दोन पत्र्यांच्या कडा तो उभ्या वळवितो, आणि डबे करणारा ज्याप्रमाणें कडा एकमेकींत गुंतवून ठोकतो त्याप्रमाणें त्यांची उभी शिवण घालतो. खिळे बसतात ते शिवणींत लपलेल्या लहान पट्ट्यांना. त्यामुळें पाणी शिरत नाहीं, आणि पत्रा उन्हानें वाढण्यास व थंडीनें आंखडण्यास मोकळा राहतो. दहा मीटर लांबीचा जस्ताचा पत्रा साठ अंशांच्या फरकानें एका सेंटिमीटराहून अधिक वाढतो. त्याला जखडून ठेवल्यास तो फाटणारच.

जस्ताची गोष्ट मोठी गमतीची आहे. ही धातु काढण्याची विद्या उदेपूरजवळील झावर येथें युरोपच्या कित्येक शतकें आधीं अवगत होती. इंग्लंडांत विल्यम चॅंपियन याला तिचें पेटंट मिळालें तें १७३८ सालीं. परंतु थंड जस्त ठिसूळ असतें. उकळत्या पाण्याहून अधिक तापवूनच तें लाटतां येतें, हें कळल्यावर त्याचे पत्रे निघूं लागले. १८५३ ते १८७० या काळांत ओस्मान यानें पॅरिस शहर नव्यानें बांधलें, तेव्हां हलकें व स्वस्त म्हणून जस्तच घरोघरीं चढलें. तेथील जस्त-कारागिरांच्या कौशल्याची नोंद २०२४ सालीं युनेस्कोनें मानवतेच्या वारशांत केली. तरी या धातूचे दोष विसरतां येत नाहींत. कोळशाच्या धुरानें आम्लयुक्त झालेला पाऊस तिला खातो. आणि तांब्यावरून वाहून आलेलें पाणी जस्ताच्या पन्हळींत पडलें, तर पन्हळ लवकरच कुरतडली जाते. म्हणून या दोघांची सोयरीक कोणी जाणता कारागीर जुळवीत नाहीं.

शार्त्रचा धडा सगळ्यांनीं घेतला असें मात्र नाहीं. १९ सप्टेंबर १९१४ रोजीं जर्मन तोफांच्या माऱ्यानें रँसचें कॅथीड्रल पेटलें, तेव्हां वितळलेलें शिसें पन्हळींच्या दगडी प्राण्यांच्या तोंडांतून ओघळलें. तेथें वास्तुशिल्पी आंरी दनो यानें सांगाडा काँक्रीटचा केला, पण वर पुन्हां शिसेंच घातलें. पुढें १५ एप्रिल २०१९ रोजीं पॅरिसच्या नोत्र दामचें छप्पर जळालें. त्यावर आणि त्याच्या मनोऱ्यावर ४०० टनांहून अधिक शिसें होतें. त्याची धूळ आसपासच्या वस्तींत पसरली, जवळच्या कांहीं शाळा बंद कराव्या लागल्या आणि मुलांच्या रक्तांतील शिसें तपासावें लागलें. जुन्या कारागिरांस ज्या धातूचें विष नीटसें ठाऊक नव्हतें, तीच पुन्हां डोक्यावर घ्यावी काय, असें पुष्कळांनीं विचारलें. हा प्रश्न अगदीं रास्त होता. उलट पक्षीं, शिशाच्या करड्या छपरावांचून नोत्र दाम हें नोत्र दाम राहणार नाहीं, असें म्हणणारेही कमी नव्हते. आणि अखेर त्यांचेंच चाललें. डिसेंबर २०२४ मध्यें देवालय उघडलें, तेव्हां वर ओकचा सांगाडा आणि शिशाचेच पत्रे होते. फरक एवढाच, कीं त्या लांकडांमधून आतां पाण्याचे बारीक तुषार उडविणाऱ्या नळ्या फिरविलेल्या आहेत.