जुना बॅरिटोन

युकुलेले होनोलुलूचा. 1879 साली मदेइराहून ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजाने आलेल्या मॅन्युएल नूनेससारख्या लाकूडकाम जाणणाऱ्या पोर्तुगिजांनी तो तिथे घडवला. बॅरिटोन युकुलेले मात्र हवाईचा नव्हे, हे माझ्या गिऱ्हाइकांना पटतच नाही. तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, 1940च्या दशकात जन्मला. श्रेय कुणी न्यूयॉर्कच्या वाद्यनिर्मात्या फॅविलांना देतं, कुणी बँजोवादक एडी कॉनर्सना. आर्थर गॉडफ्रे या निवेदकाने तो टीव्हीवर वाजवला, बॉस्टनच्या व्हेगा कंपनीने त्याच्या नावाचा बॅरिटोन बाजारात आणला आणि हे वाद्य घरोघरी पोचलं. पुढे रॉक-अँड-रोल आलं, पोरं गिटारकडे वळली. त्या काळी माळ्यावर पडलेले बॅरिटोनच आज दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर येतात.

याच्या तारा डी-जी-बी-ई, म्हणजे गिटारच्या उंच सुरांच्या चार. घात होतो तो इथेच. कुणीतरी हौसेने गिटारच्या पोलादी तारा चढवतं. नायलॉनच्या बेताने केलेली पातळ महोगनी तो ताण कशी सोसणार? म्हणून मी आधी ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघतो. कागद आत शिरला, तर ब्रिज सुटायला लागलाय. मग वाद्य डोळ्यासमोर आडवं धरून पोट फुगलंय का ते बघायचं.

नीट चिकटवलेली चीर मला चालते. नवं पॉलिश मात्र मुळीच नाही. जुना हात त्यात पुसला जातो. विकताना प्रत्येक दुरुस्ती मी पावतीवर लिहून देतो, मग भाव उतरला तरी चालेल.