लॉ स्कूलसाठी पर्सनल स्टेटमेंट: कधी लागतं, काय लिहायचं?

खडकीत राहून एमएच-सीईटी लॉ किंवा क्लॅट देणार असाल, तर पर्सनल स्टेटमेंटची चिंता नको. तिथे प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. परदेशी विद्यापीठात अर्ज करताना मात्र ते बहुतेक ठिकाणी लागतं.

ब्रिटनचा नियम काय?
एलएलबीचा अर्ज यूकॅसमार्फत होतो. 2026 च्या प्रवेशापासून सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आहेत: हाच विषय का? शिक्षणातून काय तयारी झाली? शिक्षणाबाहेर काय केलं? तिन्ही उत्तरं मिळून 4,000 कॅरेक्टर्स, स्पेस धरून. प्रत्येक उत्तर किमान 350.

मग लिहायचं काय?
'मला लहानपणापासून न्यायाची आवड' हे कुणीही लिहू शकतं. तुमच्याच आजूबाजूला पाहा. खडकी कॅन्टोन्मेंटचा कारभार कॅन्टोन्मेंट कायदा, 2006 प्रमाणे चालतो. हद्द ओलांडली की पुणे महापालिका आणि वेगळा कायदा. एकाच शहरात असं का? घराच्या बांधकामाची परवानगी कुणाकडे मागायची? असा प्रश्न पडल्यावर तुम्ही काय वाचलं, कुणाला विचारलं, मत कुठे बदललं, ते सांगा. कायद्याच्या विद्यार्थ्याकडून हीच विचार करण्याची सवय अपेक्षित असते.

काय टाळायचं?
इंटरनेटवरचा नमुना उचलू नका. यूकॅस प्रत्येक स्टेटमेंटची साम्य तपासणी करतं आणि संशय आल्यास विद्यापीठांना कळवतं. इंग्रजी साधं असलं तरी चालेल, अनुभव उसना नको.