फटफटीस्वाराची ऊब

फटफटीचा इतिहास बहुधा यंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तिच्यावर बसणाऱ्या माणसाला थंडी कशी वाजली व तिच्याशीं तो कसा झुंजला, ही हकीकत मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. ती आज थोडीशी गोळा करावी असा विचार आहे.

प्रथम एक घरगुती अनुभव सांगतों. निफाडच्या बाजूला शिक्षक असतांना पौषांतल्या पहाटे मी फटफटीवरून शाळेला जात असें. अंगांत दोन स्वेटर, वर कोट, गळ्यांत मफलर, इतका सरंजाम असूनहि शाळा येईपर्यंत दांतखिळी बसे. पहिल्या तासाला बोटांत खडू धरवत नसे. गांवचा दूधवाला एकदां म्हणाला, "मास्तर, तिसरा स्वेटर विकत घेऊं नका. कोटाच्या आंत छातीशीं कालचा पेपर घाला." दोन स्वेटरांना जें साधलें नव्हतें, तें त्या आठ पानांनीं साधलें. फ्रान्सच्या प्रसिद्ध सायकल-शर्यतींतले स्वारहि घाट उतरतांना हाच उपाय करीत असत, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें.

यांतलें मर्म असें कीं, लोकर स्वतः उष्णता निर्माण करीत नाहीं. तिच्या तंतूंत अडकलेली स्थिर हवा आपल्या अंगची ऊब धरून ठेवते. वारा आंत शिरला कीं ती हवा उधळून जाते. पॉल सिपल व चार्ल्स पॅसेल या अमेरिकन संशोधकांनीं अंटार्क्टिकावर नळकांड्यांतलें पाणी वाऱ्यांत गोठण्यास किती वेळ लागतो तें मोजलें आणि १९४५ सालीं त्याचें गणित प्रसिद्ध केलें. त्या गणितांत २००१ सालीं सुधारणा झाली. तिच्याप्रमाणें पारा शून्य अंशावर असतां ताशीं ६० किलोमीटर वेगाचा वारा उघड्या कातडीला उणे ९ अंशांसारखा लागतो. फटफटीस्वार हा वारा स्वतःच निर्माण करतो, हीच त्याची अडचण.

जर्मनींत डाइम्लर व मायबाख यांनीं १८८५ सालीं पेट्रोलवर चालणारी दुचाकी केली, तेव्हां तिच्या स्वाराला स्वतःचा असा पेहराव नव्हता. वाऱ्याचें कोडें मात्र दर्यावर्दी लोकांनीं आधींच सोडविलें होतें. शिडाच्या कापडाला जवसाचें तेल चोळलें म्हणजे पाणी व वारा दोन्ही अडतात, हें ओळखून ते जुन्या शिडांचेच अंगरखे करीत. तेलाचा दोष हा कीं, तें कालांतरानें पिवळें पडतें, थंडींत ताठरतें व तडकतें. पुढें तेलाची जागा मेणानें घेतली. इंग्लंडांत साउथ शील्ड्स या बंदराच्या गांवीं १८९४ सालीं निघालेली बार्बर यांची पेढी खलाशांना असे कपडे पुरवीत असे. तिनेंच १९३६ सालीं सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय मोटारसायकल-कसोटीसाठीं मेणकापडाचा खास पोशाख काढला. समुद्रावरचें शहाणपण असें सडकेवर आलें.

परंतु बाहेरचें कवच मिळालें म्हणजे सारें मिळालें काय? दुसऱ्या महायुद्धांत जर्मन स्वारांजवळ रबर चढविलेला लांब कोट होता. त्याचा घेर पायांभोवतीं गुंडाळून बटणांनीं बांधतां येई. वाऱ्यापावसाला त्यांत शिरकाव नव्हता. पण १९४१ ची रशियावरील मोहीम हिंवाळ्यापूर्वींच उरकेल या घमेंडींत लोकरी कपड्यांची तरतूद अपुरी राहिली. आंत ऊब धरणारें कांहीं नसतांना नुसतें रबर काय करणार? शिवाय घाम त्यांतून बाहेर पडत नाहीं, आणि ओलें वस्त्र अंगाला अधिकच गारठवितें. अखेर २० डिसेंबर १९४१ रोजीं गोबेल्सला रेडिओवरून नागरिकांपाशीं लोकरीचे व फरचे कपडे मागावे लागले. त्या हिंवाळ्यांत एक लाखाहून अधिक जर्मन सैनिकांना हिमदंश झाला. पुढें १९४२ सालीं त्या मोहिमेचें पदक निघालें, तेव्हां शिपायांनीं त्याला ‘गोठल्या मांसाचें पदक’ असें नांव ठेवलें. माझ्या मतें चूक कापडाची नव्हती, हिशेबाची होती.

घामाचा प्रश्न सुटण्यास आणखी बराच काळ गेला. अमेरिकेंत बॉब गोर यांनीं १९६९ सालीं एक विशिष्ट प्लास्टिक झटक्यानें ताणून त्याचा अतिसूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा केला. त्यांतून घामाची वाफ बाहेर जाते, पण पावसाचा थेंब आंत येत नाहीं. आज महागड्या जाकिटांत असे पापुद्रे असतात. त्याखालीं लोकर अथवा तिच्यासारखें कांहीं लागतेंच.

राहतां राहिले हात. धड गारठलें कीं शरीर आपलें रक्त आंतल्या अवयवांकडे राखून ठेवतें आणि पहिली झळ बोटांना लागते. म्हणून छातीवरच्या त्या वर्तमानपत्राचा उपयोग खडू धरण्यासहि झाला. दूधवाल्यानें तर गाडीच्या दोन्ही मुठींवर गोणपाटाच्या पिशव्या शिवून आंतून जुन्या घोंगडीचें अस्तर लावलें होतें. त्यांत हात घालून तो चार वाजतां निघे, आणि मी शाळेशीं पोंचेपर्यंत त्याचें अर्धें गांव झालेलें असे.