काकुत्सा चोलोकाश्विली : एक चरित्र, दोन दप्तरें

जेत्यांच्या दप्तरांत ज्याची नोंद लुटारू अशी होते, त्याचें चरित्र केवळ त्या दप्तरावरून सिद्ध होत नाहीं. जॉर्जियाचा काकुत्सा चोलोकाश्विली (१८८८–१९३०) हें याचें उत्तम उदाहरण होय. फेब्रुवारी १९२१ मध्यें लाल सैन्यानें तिबिलिसी जिंकली. १९२२ सालीं यानें खेव्सुरेतीच्या डोंगरांत शस्त्र उचललें. ऑगस्ट १९२४ चा उठाव फसला व सहस्रावधि लोक मारले गेले. हा तुर्कस्तानमार्गें फ्रान्सला गेला व तेथेंच क्षयानें वारला. २००५ सालीं त्याच्या अस्थि सन्मानानें तिबिलिसीस परत आल्या. पुढें दोनशें लारींच्या नोटेवर त्याचें चित्रहि छापलें गेलें. परंतु नोट हेंहि राज्यकर्त्यांचेंच दप्तर. म्हणून संशोधकानें दोन्ही नोंदी समोरासमोर ठेवूनच निर्णय करावा.