डबल क्लच

गेल्या वर्षी पुतण्याकडे कॅलिफोर्नियात दीड महिना राहून आलो. तिथलं प्रवासवर्णन लिहायचा मोह आवरतो, कारण ते आता प्रत्येक निवृत्त मास्तराचं लिहून झालं आहे. पण एक प्रसंग मात्र डोक्यातून जात नाही.

पुतण्याच्या मुलाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या नातवाकडे, एक जुनी निस्सान ३७० झेड आहे. दोनच माणसांची, जमिनीला टेकल्यासारखी स्पोर्ट्स कार. एका रविवारी तो म्हणाला, "आबा, चला, डोंगरात चक्कर मारून येऊ." गुडघे दुमडून कसाबसा आत बसलो. उतारावर वळण आलं. त्याने क्लच दाबला, गिअरचा दांडा ओढला आणि त्याच क्षणी इंजिन 'घुर्र' करून उठलं. गाडीला जरासुद्धा हिसका बसला नाही.

"छान रेस दिलीस रे," मी म्हटलं.

"मी नाही दिली आबा. गाडीच देते." त्याने दांड्याशेजारचं एक बटण दाखवलं.

मी गप्पच झालो. तो 'घुर्र' माझ्या चांगल्या ओळखीचा होता. साठ वर्षांपूर्वी पोलादपूर-महाबळेश्वर एस.टी.च्या बॉनेटवर बसून मी तो ऐकत असे. तेव्हा ती रेस गाडी देत नसे. माझा दादा देत असे.

आता थोडं शिकवतो. सवय जात नाही! समजा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आहे आणि इंजिन मिनिटाला दीड हजार फेरे मारतंय. त्याच वेगात दुसरा गिअर टाकायचा, तर इंजिनाला अडीच हजारांच्या आसपास फिरावं लागेल. जुन्या गिअरबॉक्समध्ये ही तफावत मिटवणारं काही नसे. वेगवेगळ्या गतीने फिरणारे दात एकमेकांवर आदळत आणि कर्रर्र आवाज होई. म्हणून मग डबल क्लच. क्लच दाबून गाडी न्यूट्रल करायची, क्लच सोडायचा, नेमकी हवी तेवढी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि दांडा खालच्या गिअरमध्ये सारायचा. हे सगळं सेकंदा-दीड सेकंदात, आणि तेही कानाने. रेस कमी पडली तर गिअर पडत नाही, जास्त झाली तरी पडत नाही.

सपाट रस्त्यावर चुकलं तर लोक हसतात. घाटात चुकलं तर कोणी हसत नाही. पोलादपूर सावित्रीच्या खोऱ्यात तळाशी, आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच. मध्ये चाळीस-एक किलोमीटरचा आंबेनळी घाट. उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनानेच तिला रोखायचं. उतारावर न्यूट्रल झाली आणि गिअर पुन्हा पडलाच नाही, तर गाडी मोकाट सुटते. 'ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर,' हा नियम या भागातल्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असे.

आपल्या राज्यात सरकारी एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर धावली. सुरुवातीच्या ताफ्यात बेडफोर्ड, शेव्हर्ले, फोर्ड, अल्बियन, लेलँड अशा नाना मेकच्या गाड्या होत्या. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज बनू लागली, आणि पुढे टाटा आणि लेलँड याच आपल्या रस्त्यांच्या गाड्या झाल्या. दादा साठीच्या दशकाच्या सुरुवातीला एस.टी.त लागला. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, शिक्षण सातवी. त्याच्या वाट्याला आलेल्या गाड्यांत डबल क्लचशिवाय गिअर पडत नसे. सुट्टीत मी त्याच्याबरोबर जाई. इंजिन आत, ड्रायव्हरच्या शेजारी, त्यावर गरम झाकण, आणि त्यावर गोधडी टाकून मी. धप्, घुर्र, धप्. त्या तालावर मला झोप लागत असे. एकदाच गिअर करकरलेला आठवतो. दादाने जीभ चावली आणि दांड्यावरून हात फिरवला, चुकून कोणाला पाय लागल्यासारखा.

माझी फी त्यानेच भरली. मी बी.ए. झालो आणि १९७२ साली पोलादपूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात लागलो. शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी विचारलं, "भाऊ काय करतात?" मी म्हटलं, "एस.टी.त आहेत." "ऑफिसात का?" मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच ठाऊक.

पुढच्याच महिन्यात मुख्याध्यापकांबरोबर महाडला जायचं होतं. स्टँडवर गाडी लागली. स्टिअरिंगवर दादा, खाकी गणवेशात. मला बघून चेहरा फुलला. "ये रे, बॉनेटवर बस!" मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि मुख्याध्यापकांच्या मागे जाऊन बसलो. महाडपर्यंत दादाने एकदाही मागे पाहिलं नाही. पुन्हा कधी बोलावलंही नाही. बाकी प्रेम होतं तसंच राहिलं.

खरं तर या कौशल्याची गरज संपवणारी युक्ती तेव्हा जुनी झाली होती. अर्ल थॉम्पसन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने सिंक्रोमेश काढला आणि १९२८ साली कॅडिलॅकमध्ये तो प्रथम आला. दात भिडण्याआधी शंकूच्या आकाराचे दोन भाग एकमेकांवर घासून गती सारखी करतात, एवढंच. मोटारींत तो लवकर पसरला. आपल्या फियाट ११०० लासुद्धा पहिला गिअर सोडून बाकीच्यांना सिंक्रोमेश होता. आपल्या बस-ट्रकपर्यंत यायला मात्र त्याला पुष्कळ वर्षं लागली. दादा निवृत्तीला आला तेव्हा नवीन गाड्यांचे गिअर 'मऊ' झाले होते. तो म्हणायचा, "आता कोणीही चालवील."

सिंक्रोमेशने दात वाचले, पण इंजिन आणि चाकं यांच्यातला फरक क्लच सोडताना हिसका देतोच. शर्यतीचे ड्रायव्हर म्हणून उजव्या पायाच्या पुढच्या भागाने ब्रेक दाबून टाचेने रेस देतात. २००९ च्या मॉडेलच्या ३७० झेडमध्ये निस्सानने हे काम संगणकाकडे दिलं. गाडीचा वेग किती, दांडा कोणत्या गिअरकडे निघाला, क्लच दाबला आहे का, एवढं कळलं की संगणक हिशेब करून स्वतः रेस देतो. पुढे २०१४ च्या कॉर्व्हेटमध्ये आणि इतरही गाड्यांत अशी सोय आली.

हे सगळं मी नातवाला तिथेच, एका वळणाच्या बाजूला गाडी थांबवून, सांगितलं. तो म्हणाला, "पण हे तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर सायकलच चालवता."

"तुझ्या आजोबांकडून."

"आजोबा तर एस.टी.त होते ना? ऑफिसमध्ये?"

बघा! माझी ती हललेली मान पन्नास वर्षांत कुठपर्यंत पोचली होती. पुतण्याने सांगितलं होतं की घरात नुसतंच ऐकून ऐकून झालं होतं, मी विचारलं नाही. म्हटलं, "ड्रायव्हर होते. आंबेनळीत गाडी चालवायचे."

त्याने बटण बंद केलं. "शिकवा." मी मांडीवर थाप मारून ताल देत राहिलो. धप्, घुर्र, धप्. पहिल्या दोन वेळा गाडीने आचका दिला. तिसऱ्यांदा गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला. पोरगं हसलं ते थेट दादासारखं.

दादाला जाऊन आता चौदा वर्षं झाली. त्या दिवशीबद्दल मी त्याच्याशी कधी बोललो नाही, आणि त्यानेही मला तशी संधी दिली नाही.

आता कशेडीत बोगदा झाला आहे. २०२३ च्या गणपतीत त्याची एक बाजू उघडली आणि घाटाचा तो वळसा टळला. आंबेनळी मात्र आहे तिथेच आहे. परतल्यावर मुद्दाम एस.टी.ने महाबळेश्वरला जाऊन आलो, पुढच्या सीटवर बसून. उतरताना ड्रायव्हरला विचारलं, "डबल क्लच मारता का हो?"

तो हसला. "आता लागत नाही गुरुजी. पण गिअर तोच ठेवतो, चढताना होता तो."

मग मी त्याला सांगितलं, माझा भाऊ याच रस्त्यावर ड्रायव्हर होता म्हणून. त्याने नाव विचारलं. मी सांगितलं, जरा मोठ्यानेच.